मांजराने बोचकारलं, आईचा हात सुजलाय, रेबीजचं इंजेक्शन लागतं का?

पाऊसवेडी (पुणे):
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा. काल संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजराचं एक पिल्लू स्कूटरच्या मागच्या चाकात अडकलं होतं, ते ओरडत होतं म्हणून आईने हात घालून सोडवलं आणि त्याने घाबरून तिला बोचकारलं. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, मधल्या बोटाच्या मुळाशी जिथे हाडाचा उंचवटा असतो ना तिथे दोन लांब ओरखडे आहेत, एक जरा खोल, त्यातून रक्त आलं होतं. तिने नळाखाली हात धुतला, हळद दाबली आणि स्वयंपाकाला लागली. रात्रीपर्यंत काही नव्हतं. आज सकाळी उठली तर हाताची मागची बाजू फुगलेली, लाल, हात लावला तर गरम लागतोय आणि म्हणते ठणकतंय खूप. ताप नाहीये. वय ६१, डायबेटीस आहे आणि साखर गेले काही महिने काही ताब्यात नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सुजेची गोळी, म्हणाले कुत्रं नाही ना चावलं, मांजराचा ओरखडा आहे, बरं होईल. भाऊ लंडनला असतो, त्याला फोन केला तर तो म्हणतो इकडे मांजराने ओरबाडलं की डॉक्टर फार तर अँटिबायोटिक देतात, रेबीजचं कुणी नावही काढत नाही, तू उगाच घाबरतेस. शेजारच्या काकू म्हणतात चावलं असेल तरच इंजेक्शन. मला काही सुचत नाहीये. ही सूज साधी आहे का इन्फेक्शन? बर्फ लावू का शेक देऊ? आणि रेबीजचं काय?

देवरुखकर:
ताई आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. आईंच्या त्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी सगळं आत्ताच्या आत्ता काढा. सूज वाढली की निघत नाही आणि मग कापावी लागते, आणि तोवर बोटाचं रक्त अडतं. निघत नसेल तर साबणाचं पाणी किंवा तेल लावून काढा, तरीही नाही निघाली तर सोनाराची वाट बघू नका, हॉस्पिटलमध्ये कापून देतात, सोनं परत करता येतं.

दुसरं, बॉलपेन घ्या आणि लालसरपणा जिथपर्यंत आहे तिथे कडेकडेने रेघ मारून वेळ लिहा. दोन तासांनी बघा लाल भाग रेघेच्या बाहेर गेलाय का. डॉक्टरांनाही दाखवता येतं की किती वेगाने पसरतंय, नुसतं वाढलंय वाढलंय सांगण्यापेक्षा हे फार उपयोगी पडतं. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा, खाली लोंबकळता नको.

रातपाळी:
मी महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन ओपीडीला नर्स आहे, रोज कुत्र्या-मांजरांच्या केसेस बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाऊसवेडी, तुमच्यासमोर आत्ता दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करून घोळ घालतात. हाताची सूज हा आजचा प्रश्न, रेबीज हा पुढचा, पण दोन्हीचा इलाज आजच व्हायला हवा.

सूज आधी. काल संध्याकाळी ओरखडा आणि आज सकाळी लाल, गरम, ठणकणारा हात, म्हणजे २४ तासांच्या आतच झालंय. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू असतो, बहुतेक मांजरांच्या तोंडात असतोच, आणि मांजर दिवसभर पंजे चाटत असतं त्यामुळे तो नखांवरही येतो. त्याची ओळखच ही की तो लवकर पसरतो, काही जणांना तर काही तासांतच हात सुजतो. तुमच्या आईंना तोच झालाय असं मी इथे बसून सांगू शकत नाही पण घरी बसून बघण्यासारखी ही केस नाही, एक तर डायबेटीस, त्यातून जखम बोटाच्या सांध्यावर. तिथे कातडी पातळ असते, खाली लगेच सांधा आणि स्नायूंच्या दोऱ्या, जंतू आत गेला तर सांध्यात पू होऊ शकतो. मूठ वळता येते का, बोट सरळ करताना जीव जातो का, ते बघा. जात असेल तर उद्या नाही, आजच.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण रोज बघते. मेडिकलमध्ये जाऊन ओरखडा दाखवला की दुकानदार ॲझिथ्रो नाहीतर सेफॅलेक्सिनचं पाकीट देतो. या जंतूवर सेफॅलेक्सिन नीट चालत नाही आणि ॲझिथ्रोचाही भरवसा नाही. डॉक्टर बहुतेक वेळा ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिडचं कॉम्बिनेशन देतात, पेन्सिलीनची ॲलर्जी असेल तर दुसरं काहीतरी, म्हणून ॲलर्जी असली तर पहिल्यांदा ती सांगायची. डोस तुमच्या किडनीवर आणि बाकीच्या औषधांवर ठरतो, तेव्हा मी इथे लिहिणार नाही. सुजेच्या गोळ्याही डायबेटीसवाल्यांना किडनीचा रिपोर्ट बघून द्यायच्या असतात.

शेक अजिबात नको. डायबेटीसमध्ये कधीकधी हातापायाला चटका कळतच नाही आणि गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले पेशंट आमच्याकडे येतात. बर्फही थेट नको, ओल्या थंड फडक्याने बरं वाटत असेल तर ठेवा थोडा वेळ. हळद धुऊन टाका.

आता रेबीज. ओरखडा आहे की चावा हा प्रश्नच नाही, रक्त आलं की नाही हे बघायचं असतं. नुसतं चाटलं आणि कातडी शाबूत असेल तर पहिली कॅटेगरी, काही लागत नाही. रक्त न येता खरचटलं तर दुसरी, लस लागते. कातडी फाटून रक्त आलं, मग ते दाताने असो की नखाने, ती तिसरी, त्यात लस तर लागतेच आणि जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. तुमची आई तिसरीत आहे. भटकं पिल्लू, लस झालेली नाही, रक्त आलंय, यात विचार करायला जागा नाही.

भाऊंना सांगा की ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये वटवाघळं सोडली तर जनावरांत रेबीज नाहीच, म्हणून तिथले डॉक्टर मांजराच्या ओरखड्याला फक्त जंतुसंसर्गाच्या नजरेने बघतात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे माणसाला रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यामुळे होतो हे खरं, पण पिसाळलेलं कुत्रं मांजराला चावलं की मांजरालाही होतो आणि भटकी मांजरं कुत्र्यांच्याच गल्लीत राहतात. एकदा लक्षणं दिसली की काही उरत नाही हो, मी ते बघितलंय, म्हणून इतकं तळमळीने लिहितेय.

आत्ता लगेच साबण लावून वाहत्या नळाखाली पूर्ण १५ मिनिटं जखम धुवा. काल धुतलीय तरी परत धुवा. मग जवळच्या मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलला जा, लस तिथे फुकट असते. निघण्याआधी फोन करून सीरम आहे का विचारा कारण छोट्या दवाखान्यात लस असते पण सीरम नसतं.

पाऊसवेडी (पुणे):
रातपाळी ताई, देवरुखकर, खूप खूप आभार. पाटल्या साबणाने निघाल्या, अंगठी निघाली नाही. पेनाची रेघ मारली होती, लाल भाग बाहेर गेलाय आणि मनगटाच्या वर हाताच्या आतल्या बाजूने एक लालसर रेघ दिसायला लागलीय. आई म्हणते पोटात १४ इंजेक्शनं घ्यायची नाहीत मला. मी रिक्षा बोलावलीय.

रातपाळी:
लाल रेघ वर चढतेय म्हणजे संसर्ग रसवाहिन्यांमधून पुढे सरकतोय. बरं झालं निघालात. पोहोचल्यावर केसपेपर काढतानाच सांगा की डायबेटीस आहे, रेघ चढलीय, अंगठी अडकलीय, रांगेत बसून राहू नका. पोटातली इंजेक्शनं २००५ च्या आधीच बंद झाली, आईंना सांगा आता दंडावर देतात, कातडीत, मुंगी चावल्यासारखं. कातडीत द्यायच्या पद्धतीत ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दरवेळी दोन्ही दंडांवर एक एक छोटा डोस. खासगीत स्नायूत देतात, त्याचे दिवस ०, ३, ७, १४, २८. सीरम मात्र जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचतात, ते दुखतं, आणि हात सुजलेला आहे म्हणून जास्त दुखेल. त्यांचा दुसरा हात तुम्ही धरून बसा.

आबा_वाईकर:
मुली, काळजी करू नको, होईल सगळं नीट. आमच्या गावाकडे कुत्रं मांजर काही लागलं की लगेच चुना नाहीतर मिरचीची पूड भरायचे जखमेत, विष मरतं म्हणायचे. आमच्या आईने आम्हा सगळ्या भावंडांना तसंच केलंय आणि आम्ही धडधाकट आहोत. पण हॉस्पिटलला गेलीस ते चांगलंच केलंस.

रातपाळी:
आबा, तुमच्या काळात दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून लोक ते करायचे, मी समजू शकते. पण आता कुणी वाचून करू नये म्हणून लिहिते. चुना आणि मिरचीने कातडी भाजते, मेलेल्या कातडीखाली जंतूंना जागाच मिळते आणि चोळल्यामुळे विषाणू उलट आत नसांजवळ जातो. तुम्हा भावंडांना काही झालं नाही कारण चावलेलं प्रत्येक जनावर पिसाळलेलं नसतं. साबण खरं काम करतो, रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. आणि वरून घट्ट पट्टी बांधायची नाही, टाके तर शक्यतो घालायचेच नाहीत.

आबा_वाईकर:
साबणाचं हे कारण मला आज कळलं. नातवंडांना सांगतो. वाड्याच्या मागे मांजरांची वीण झालीय आणि पोरं दिवसभर तिथेच असतात.

खाडीकिनारा:
ही केस वेगळी आहे, पण मांजराचा विषय निघालाय तर माझंही लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल. मला आमच्याच घरातल्या पिल्लाने मनगटावर ओरखडलं होतं, अगदी बारीक, रक्त आलं नव्हतं. लस घेतली होती मी. ओरखड्याच्या जागी आठवड्याभराने एक लाल फोड आला, तो बरा होतोय तोवर काखेत अवधाण आलं, लिंबाएवढी गाठ, हात वर करता येईना, संध्याकाळी कणकण. ओरखडा तर मी विसरूनही गेले होते कारण तो भरून आला होता.

डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासणी केली, रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा पुंजका, टीबीत असा दिसतो) आला आणि लगेच टीबीची औषधं सुरू करायचं बोलणं निघालं. घरात रडारड. तेव्हा माझ्या वहिनीने, ती लॅबमध्ये असते, विचारलं की घरात मांजर आहे हे डॉक्टरांना सांगितलंस का. कुणी विचारलंच नव्हतं. परत गेलो, सांगितलं, मग त्यांनी टीबीची वेगळी तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली, आणि म्हणाले हा कॅट स्क्रॅच डिसीज असणार. बार्टोनेला हेन्सेले नावाचा जंतू, त्यातही ग्रॅन्युलोमाच दिसतो. आपल्याकडे टीबी इतका आहे की गाठ दिसली की आधी तोच आठवतो, त्यात डॉक्टरांची चूक नाही, पण मांजराचं तोंडाने सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? वहिनी सांगत होती की या आजाराचं वर्णन १९५० मध्ये फ्रान्समध्ये झालं पण जंतू कोणता ते कळायला १९९० चं दशक उजाडलं. मला गोळ्यांचा छोटा कोर्स दिला, ॲझिथ्रोमायसिन, या जंतूवर ती चालते, आणि गाठ हळूहळू बसली, बरेच आठवडे लागले.

तर पाऊसवेडी, हात बरा झाल्यावरही पुढचा महिना दीड महिना आईंच्या त्याच बाजूच्या काखेत, कोपराच्या आत कधीकधी चाचपून बघत जा. गाठ लागली तर घाबरायचं नाही, पण डॉक्टरांना ओरखड्याची तारीख सांगायची. आणि डोळा लाल होणं, एकाएकी धूसर दिसणं, फार डोकं दुखणं असं काही झालं तर थांबायचं नाही, क्वचित ते तिथेही जातं.

बोका_आणि_मी (ठाणे):
मी मांजरं सोडवायचं काम करते बरीच वर्षं. पाऊसवेडी, तुमच्या आईने पिल्लाचा जीव वाचवलाय, त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि एक विनंती आहे, ते पिल्लू सोसायटीतून कुणी पोत्यात घालून लांब सोडून येणार असेल तर प्लीज थांबवा. लोक रागाने तेच करतात. पण ते डोळ्यासमोर असणं तुमच्याच फायद्याचं आहे. ओरखड्यापासून १० दिवस ते नीट खातपीत, खेळत राहिलं तर त्या वेळी त्याच्यापासून रेबीज गेलेला नसतो, हा १० दिवसांचा नियम कुत्र्याला आणि मांजराला दोघांनाही लागू आहे. मग पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवू शकतात. अर्थात लस आज सुरू करायचीच, १० दिवस वाट बघून नाही, आणि पिल्लू नाहीसं झालं किंवा मेलं तर सगळे डोस पूर्ण. वॉचमनला फोटो देऊन ठेवा म्हणजे चार पिल्लांतून हेच ओळखता येईल.

खाडीकिनाराने लिहिलेला तो बार्टोनेला पिसवांमुळे पसरतो. पिसवांची विष्ठा मांजराच्या अंगावर असते, खाजवताना नखांत जाते आणि ओरखड्यातून आपल्यात. लहान पिल्लांमध्ये तो जास्त सापडतो, म्हणून पिल्लं घरात आणणाऱ्यांनी पिसवांचं आधी बघा. पण इथे एक कळकळीचं सांगणं, कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असतं बऱ्याच वेळा, मांजराला ते विष आहे, झटके येऊन मांजर जातं. तसंच आपली पॅरासिटामॉल, माणसाची साधी तापाची गोळी, मांजराला एक दिली तरी जीव जाऊ शकतो. व्हेटना वय आणि वजन सांगून औषध आणा.

आणि अडकलेलं मांजर काढायचं तर उघड्या हाताने नाही. जाड टॉवेल किंवा गोधडी टाकायची, डोकं झाकलं की ते बरंच शांत होतं, मग टॉवेलसकट उचलायचं. घरच्या मांजराला साधारण तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस आणि मग व्हेट सांगतील तसा बूस्टर, नखांची टोकं दोन आठवड्यांनी कापायची, टोकंच फक्त, आतला गुलाबी भाग नाही.

पाऊसवेडी (पुणे):
सगळ्यांना अपडेट देते, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, धावपळ होती. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये अंगठी आधी कापली. जखम परत धुतली, सीरम जखमेत दिलं, आई ओरडली नाही पण माझा हात तिने असा दाबला की अजून दुखतोय, आणि दोन्ही दंडांवर लस. मग साखर बघितली तर ३१० निघाली, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं, अँटिबायोटिक शिरेतून दिलं आणि इन्सुलिन. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढून बोट हलवून बघितलं, सांध्यात पू नाही म्हणाले, पण अजून एक दिवस घरी थांबला असतात तर ऑपरेशनची वेळ आली असती असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लाली रेघेच्या आत आली, वर चढलेली रेघ फिकट झाली. आता घरी गोळ्या चालू आहेत, ३ आणि ७ व्या दिवसाचे डोस झाले. पिल्लू मजेत आहे, वॉचमनकाका दूध घालतात, सोसायटीच्या ग्रुपवर त्याला बाहेर सोडा म्हणणाऱ्यांना मी १० दिवसांचं समजावून सांगितलं आणि ऐकलं लोकांनी.

बोका, व्हेटचा नंबर इथल्या एका मैत्रिणीकडून मिळाला, पिसवांचं औषध शनिवारी.

आता दोन शंका. डॉक्टर म्हणाले पिल्लू ठीक असलं तरी २८ व्या दिवसाचा डोस घेऊनच टाका, पण तेव्हा आम्ही नागपूरला असणार, मावसबहिणीचं लग्न आहे. तिथे चालेल का? आणि नणंद म्हणते रेबीजच्या इंजेक्शनला पथ्य असतं, वांगं, दही, लिंबू, डाळ बंद. आईला आधीच साखरेचं पथ्य आहे, अजून किती बंद करायचं?

रातपाळी:
वाचून फार बरं वाटलं, खरंच. पथ्य काही नाही, दही लिंबू वांगं सगळं चालतं, साखरेचं पथ्य तेवढं पाळायचं. सांधेदुखीसाठी क्लोरोक्वीन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू असेल तर मात्र सांगा, त्याने कातडीत दिलेल्या लशीचा परिणाम कमी होतो. स्टेरॉइड असेल तर तेही सांगा.

नागपूरला चालेल. लशीचं कार्ड बरोबर न्या, त्यावर कातडीत दिलंय ते लिहिलेलं असतं, शक्यतो त्याच पद्धतीने द्यायला सांगा. कातडीतल्या लशीची बाटली उघडली की काही तासांत संपवावी लागते म्हणून काही ठिकाणी ठरावीक वेळेलाच देतात, आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारून घ्या, नाहीतर हळदीच्या दिवशी हेलपाटा पडेल. लग्नाच्या गडबडीत एखादा दिवस मागे झाला तरी सगळं पहिल्यापासून घ्यावं लागत नाही, राहिलेला डोस घ्यायचा. आणि कार्ड नंतर फेकू नका, आई मांजरांना परत हात घालणार हे दिसतंयच, पुढे कधी काही झालं तर ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस लागतात, सीरम लागत नाही, पण ते आधीचा कोर्स पूर्ण झाल्याचा कागद दाखवला तरच.